साहेबाचा धांगडधिंगा

आमच्या झरीच्या घरी बॅटरीवर चालणारा रेडिओ आला तो १९५७ साली. त्याच वर्षी ‘आशा’ चित्रपटातले ‘ईना मीना डीका’ गाजू लागले. बाबांनी ते एकदा ऐकले आणि रेडिओचा कान पिळला. “हा साहेबाचा धांगडधिंगा माझ्या घरात नको!” हिराबाईंच्या पलीकडे त्यांचे संगीत फारसे जात नसे. मी वाण्याच्या दुकानापाशी उभा राहून ते गाणे पाठ केले आणि त्यापायी मारही खाल्ला. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही बापलेक कामापुरतेच बोलत होतो.

वास्तविक दिवाळीत गोंडांची दंडार दारी आली, की बाबा स्वतः सूप भरून धान्य घालीत. त्या गाण्यातले अक्षरही त्यांना कळत नसे. पण ते ‘आपले’!

पुढे नागपुरास कॉलेजात गेल्यावर मला कळले, की ‘ईना मीना’चे संगीतकार सी. रामचंद्र हे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, आणि विनायकबुवा पटवर्धनांचे शिष्य! आणि साहेबाचा म्हणावा, तर तो रॉक अँड रोल तरी निव्वळ साहेबाचा कुठे होता? १९५४ साली मेम्फिसमध्ये एल्व्हिस प्रेस्लीने गायिलेले पहिले गाजलेले गाणे आर्थर क्रूडप या कृष्णवर्णीय गायकाचे. उलट कृष्णवर्णीय चक बेरीने १९५५ साली ‘मेबेलीन’ रचले, ते गोऱ्या खेडुतांच्या फिडलवरच्या जुन्या चालीवरून. देवघेव दोन्हीकडून होती. पैशाची मात्र नव्हे. क्रूडपला त्याच्या हक्काचे मानधन जन्मात धड मिळाले नाही.

हे वारे मुंबईत त्याआधीच शिरले होते. १९३५ साली लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय बँड ताजमहाल हॉटेलात आला; मागून पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. मायदेशी गोऱ्यांच्या हॉटेलांतून ज्यांना पाहुणे म्हणून थारा नव्हता, ते इथे युरोपियनांना आणि संस्थानिकांना नाचवीत होते. त्यांच्या संगतीत गोव्याचे वादक तयार झाले. चर्चच्या शाळेत त्यांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकवीत. चित्रपटांना त्या विद्येची फार गरज पडली, कारण तीसचाळीस वाद्ये एकत्र वाजवायची तर कोणीतरी कागदावर मांडणी करून द्यावी लागे.

सुटीत हे सारे मी बाबांना सांगितले. ते बराच वेळ सुपारी कातरीत बसले. मग म्हणाले, “मधे ती तुतारी फुंकतात, ते कोण रे?”

“ट्रंपेट, बाबा. पण नावे सांगत नाहीत.”

“का?”

मला उत्तर सुचले नाही. रेडिओवर गायकाचे, संगीतकाराचे, झालेच तर कवीचे नाव येई.

“मग शोध की,” बाबा म्हणाले आणि स्वतः उठून रेडिओ लावला.

आल्डोन्याचे आंतोनियो झेवियर वाझ, अर्थात ‘चिक चॉकलेट’, यांच्याविषयी मी फार उशिरा वाचले. आर्मस्ट्राँगच्या ढंगाने ट्रंपेट वाजवणारा आणि रामचंद्रांना साथ देणारा हा माणूस १९५१ च्या ‘अलबेला’त आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. १९६७ साली ते वारले. ‘ईना मीना’त कोण कोण वाजवीत होते, ती यादी मला अजून पुरती मिळालेली नाही, आणि विचारणारे बाबाही आता नाहीत.