आवाज कमी, कान उघडे

गुळगुळीत रस्ता ही भारी गोष्ट, पण डेंजरही! अमरावती-अकोला हायवेवर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून गिनीज रेकॉर्ड झालं. रस्ता गुळगुळीत म्हणजे स्पीड आला, स्पीड आला की हेल्मेटात वारा घोंघावतो. मग आपण आवाज वाढवत जातो आणि मागच्या ट्रकचा हॉर्न गायब.

माझी नोकरी अमरावतीत, घर अकोल्याला. दर शनिवारी बडनेरा ओलांडलं की बाबांचा फोन, ‘कुठी पोचला बे?’ त्यांच्यासाठी गाडी साइडला घेणं नको, म्हणून वायरलेस हेडसेट शोधायला निघालो.

दुकानदार आधी बास ऐकवतो. बॉस, दुकानात सगळंच सही वाजतं! आपलं हेल्मेट घालून बघा. स्पीकर कानाच्या भोकाच्या बरोब्बर समोर हवा, म्हणजे कमी आवाजातही भागतं. बटण ग्लोव्ह्ज घालून सापडलं पाहिजे. मेश वगैरे फंडा चिखलदऱ्याला दहा-बारा जण निघालात तर. एकजण मागे राहिला तरी बाकीच्यांचं बोलणं तुटत नाही. दोघांना साधं ब्लूटूथ पुरे. आणि वऱ्हाडातल्या मे महिन्यात हे प्रकरण उन्हात गाडीवर टांगून ठेवू नका, बॅटरीची वाट लागते.

एका दुकानात मात्र पोऱ्या कटर घेऊनच आला. ‘आतलं थर्माकोल थोडं कापतो, स्पीकर फिट्ट बसेल.’ आपटल्यावर डोकं वाचवतं ते हेच थर्माकोल! हेल्मेट उचललं आणि थेट बाहेर.