उशाशी बसलेली: डीएमच्या वहीतली टिपणे

डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये पात्राला सगळ्यात मोठा आधार झोपेचा. पाचव्या आवृत्तीत आठ तासांची लाँग रेस्ट झाली की गेलेले सगळे हिट पॉइंट परत, वापरलेले मंत्र परत. दिवसभर कितीही मार खाल्लेला असो, शेकोटीपाशी पथारी टाकायची आणि सकाळी ताजंतवानं उठायचं. नाइट हॅग ही राक्षसीण नेमकी इथेच हात घालते, म्हणून खेळ चालवणाऱ्या माझ्यासारख्या डीएमच्या (डन्जन मास्टरच्या) लेखी ती ड्रॅगनपेक्षा मोठी वैरीण आहे. ड्रॅगनने पोळलेलं सकाळपर्यंत भरून निघतं. हिने खाल्लेलं निघत नाही.

*

2014च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधले आकडे: चॅलेंज रेटिंग 5, आर्मर क्लास 17, हिट पॉइंट 112. समोरासमोर गाठ पडली तर पाचव्या लेव्हलची चौघांची पार्टी तिला लोळवते. तेव्हा समोरासमोर गाठ लवकर पडू द्यायची नाही.

तिचं खरं हत्यार वेगळं आहे. ती इथीरिअल प्लेनमध्ये शिरते, म्हणजे खोलीत असूनही दिसत नाही, आणि झोपलेल्याला स्पर्श करते. दिवसातून एकदाच. त्या स्पर्शाने झोपलेल्याला दिसणारी भयाण दृश्यं तासभर चालली, की त्या झोपेचा काही उपयोग होत नाही आणि पात्राचे कमाल हिट पॉइंट एका दहा-बाजूच्या फाशाइतके घटतात. पाचव्या लेव्हलच्या साध्या विझर्डकडे साधारण 32 असतात. रात्रीला सरासरी साडेपाच गेले तर तिसऱ्या रात्रीनंतर तो निम्मा होतो आणि सहाव्या रात्री संपतो. हे गणित खेळाडूंना सांगायचं नाही. फक्त सकाळी म्हणायचं, ‘फासा टाक,’ आणि आलेला आकडा त्यांच्याच हाताने कॅरेक्टर शीटवरून वजा करायला लावायचा. खोडरबराने कमाल आकडा पुसताना टेबलावर जी शांतता पसरते, ती कुठल्याही वर्णनाने आणता येत नाही.

*

उपाय आहेत, पण सगळे अपुरे. ही त्या नियमांतली खरी कारागिरी.

प्रोटेक्शन फ्रॉम ईव्हिल अँड गुड हा पहिल्या लेव्हलचा मंत्र तिचा स्पर्श अडवतो, पण टिकतो जेमतेम दहा मिनिटं, तेही मंत्र टाकणाऱ्याने एकाग्रता धरून ठेवली तर. मॅजिक सर्कल तासभर टिकतं, त्याला शंभर सुवर्णमुद्रांचं सामान लागतं. रात्र आठ तासांची. घटलेले कमाल पॉइंट परत आणणारा ग्रेटर रिस्टोरेशन क्लेरिकला नवव्या लेव्हलला मिळतो. म्हणजे पाचव्या लेव्हलच्या पार्टीला कुणाच्या तरी देवळाची पायरी चढावी लागते, आणि देवळातले लोक बदल्यात काही मागतात. गोष्ट आपोआप पुढे सरकते.

*

एल्फ झोपत नाहीत, चार तास ध्यानावस्थेत बसतात. त्यामुळे हॅगला त्यांच्याकडे काही मिळत नाही. पार्टीत एल्फ असेल तर पहारा त्याच्याकडेच येतो, आणि हा प्रसंग त्याच्यासाठी राखून ठेवावा. शेजारी मित्र कण्हतोय. दाराला कडी आहे, खिडकी बंद आहे, खोलीत कुणी नाही. शेवटी विझर्ड सी इनव्हिजिबिलिटी टाकतो (दुसऱ्या लेव्हलचा मंत्र, इथीरिअलमधलंही दाखवतो) आणि तेव्हा दिसतं: ती मघापासून तिथेच होती. मित्राच्या उशाशी उकिडवी बसलेली, एक बोट त्याच्या कपाळावर, मान वाकडी करून पहाऱ्यावरच्या एल्फकडे पाहत.

हे वर्णन सावकाश करायचं. लगेच ‘इनिशिएटिव्ह टाका’ म्हणून लढाई सुरू करायची नाही.

*

हेन्री फ्युसेलीने 1781मध्ये काढलेलं ‘द नाइटमेअर’ हे चित्र डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयात आहे. झोपलेल्या बाईच्या छातीवर एक बुटकं भूत बसलंय, पडद्याआडून घोड्याचं डोकं डोकावतंय. तयारी करताना मी या चित्राची प्रत समोर ठेवतो, त्यातल्या वजनासाठी. भूत ओरबाडत नाही, चावत नाही, नुसतं बसलेलं असतं. स्वप्नं पडतात त्या झोपेत आपले स्नायू ढिले पडलेले असतात. कधी जाग आधी येते आणि हातपाय मागाहून जागे होतात, आणि त्या मधल्या क्षणांत छातीवर कुणीतरी बसल्याचा भास होतो. स्लीप पॅरॅलिसिस म्हणतात ते हेच. कितीतरी देशांत लोकांनी त्यातून आपापली भुतं घडवली. हॅग त्यातलीच.

*

तरी स्वप्न खाणारा प्रत्येक जण वैरी नसतो. जपानचा बाकू वाईट स्वप्नं खाऊन माणसाला मोकळं करतो. हत्तीची सोंड, गेंड्याचे डोळे, बैलाची शेपटी, वाघाचे पाय. नववर्षाच्या रात्री उशाखाली ठेवायच्या चित्रातल्या जहाजाच्या शिडावर त्याच्या नावाचं अक्षर लिहीत, निक्कोच्या तोशोगू मंदिरात त्याची कोरीव मुंडकी आहेत. पोकेमॉनमधला ड्राउझी त्याच घराण्यातला.

लाफकादिओ हर्नच्या 1902च्या ‘कोत्तो’ या पुस्तकात बाकूवर एक लेख आहे. लेखक त्याला आपलं भयंकर स्वप्न खायला सांगतो. बाकू ते ऐकून घेतो आणि नकार देतो: हे शुभ स्वप्न आहे, असली स्वप्नं मी खात नाही. हा नकार मला फार मोलाचा वाटतो. ज्याला आवडनिवड आहे तोच खाणारा लक्षात राहतो. माझी हॅग बाकूच्या अगदी उलट आहे. दुःस्वप्नं तिचं ताट, खाणं मात्र चांगल्या स्वप्नांचं.

*

म्हणून मोहिमेच्या सुरुवातीलाच प्रत्येक खेळाडूकडून एक चिठ्ठी घेतो: तुझ्या पात्राला वारंवार पडणारं एक चांगलं स्वप्न, दोन ओळींत. कशासाठी, ते सांगत नाही. एका खेळाडूने आपल्या रेंजरसाठी लिहिलं होतं: ‘आजीच्या होडीत बसलोय. सुकाणू पहिल्यांदाच माझ्या हातात, आजी जाळं ओढतेय.’

हॅगच्या पहिल्या रात्री होडी तशीच, पण वारा पडलेला. दुसऱ्या रात्री आजी पाठमोरी. तिसऱ्या रात्री होडी रिकामी. रोज त्याची चिठ्ठी काढून तेवढे शब्द त्याच्यासमोर पेन्सिलीने खोडत गेलो. डीएमने स्वतः रचून सांगितलेलं दुःस्वप्न खेळाडू ऐकून सोडून देतो. स्वतःच्या अक्षरातला शब्द खोडला जाताना मात्र तो खुर्चीत पुढे सरकतो.

*

रूप बदलणं. नियमाप्रमाणे हॅग कुठल्याही लहान किंवा मध्यम आकाराच्या बाईचं रूप घेऊ शकते. ही मोकळीक घातक आहे, कारण मग खेळाडू भेटलेल्या प्रत्येक बाईवर संशय घेत सुटतात आणि खेळ रखडतो. माझ्या टेबलावर तिच्यावर एक बंधन आहे: तिने जे स्वप्नातून खाल्लं, त्याचंच रूप तिला घेता येतं, आणि त्या स्वप्नात जेवढं होतं तेवढंच तिला ठाऊक असतं.

चौथ्या दिवशी रेंजरला बाजारात आजी भेटली. चेहरा तोच, आवाज तोच. पण समुद्र तिथून कित्येक दिवसांच्या वाटेवर, आणि आजीच्या हातांवरून खारं पाणी ठिबकत होतं. स्वप्नातली आजी कायम जाळं ओढताना असायची. कोरड्या हातांची आजी हॅगने पाहिलेलीच नव्हती. खेळाडूंनी हे स्वतः ओळखलं, माझ्याकडून एक शब्दही न घेता. रूप बदलणाऱ्या वैऱ्याची खूण समोर ठेवलेली असलीच पाहिजे. ती न ठेवता फसवणं म्हणजे खेळाडूंच्या विश्वासाची चोरी आहे.

*

‘कर्स ऑफ स्ट्राड’ या डी अँड डी मोहिमेच्या पुस्तकातली नाइट हॅग मॉर्गान्था म्हातारी होऊन ढकलगाडीवर पेस्ट्री विकते. खाणाऱ्याला गोड गुंगी चढते. तिकडे पवनचक्कीत तिच्या दोन हॅग लेकी मुलांची हाडं दळतात. तीन हॅग एकत्र असतील तर त्यांचं बळ फार वाढतं, त्यामुळे चौथ्या लेव्हलच्या पार्टीला तिथे सहज जाऊ देऊ नये.

*

चिठ्ठ्या घेतल्या की माणसं कधीकधी पात्राच्या नावाखाली स्वतःचं लिहितात. म्हणून जॉन स्टाव्रोपूलोस यांनी मांडलेलं एक्स-कार्ड टेबलाच्या मध्यभागी असतं. कुणी हात लावला की तो धागा तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. या राक्षसिणीसाठी ही अट मी कधीच सैल करत नाही.

*

आमचा खेळ मराठीत चालतो, तेव्हा इथली नावं ओठांवर येतातच. झोपेत हसणाऱ्या तान्ह्या बाळाला सटवाई हसवते, असं घरोघरी म्हणतात. एकाने सुचवलं, सटवाईलाच हॅग करू. मी नाही म्हणालो. बाळाच्या सहाव्या रात्री जिची पूजा होते, तिला हिट पॉइंट लावून मारायचं नाही. वेताळाचंही तेच, कोकणात आणि गोव्यात त्याची देवळं आहेत. चकवा चालेल. वाट चुकवणारा चकवा हॅगच्या स्वप्नांत छान बसतो: पात्र धावतं आणि पुन्हा त्याच वडापाशी येतं.

*

हार्टस्टोन हा काळा खडा काढून घेतला की हॅगला इथीरिअलमध्ये जाता येत नाही. नवा घडवायला तिला 30 दिवस लागतात. शिवाय त्याच्या स्पर्शाने कुठलाही रोग बरा होतो. म्हणजे गावात एक आजारी मूल हवंच. खडा फोडायचा की ठेवायचा, यावर पार्टीत भांडण होऊ द्यावं.

*

डेव्हिड हफर्ड यांचं ‘द टेरर दॅट कम्स इन द नाइट’ हे 1982चं पुस्तक पुन्हा चाळलं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर लोक छातीवर बसणाऱ्या म्हातारीला ओल्ड हॅग म्हणत. झोपलेल्याला त्याच्या नावाने उलट अक्षरांत हाक मारली की तो सुटतो. आणि दुसरी समजूत अशी, की ही म्हातारी कुणीतरी दुसऱ्यावर सोडतं.

दोन्ही घेतोय. उलट्या नावाची हाक हा पहाऱ्यावरच्या एल्फचा फुकटचा उपाय, मंत्र न संपवता, पण नाव खरं हवं. आमच्या रोग (चोर) वर्गाच्या पात्राला तर पार्टीत सगळे टोपणनावानेच ओळखतात. त्याला आता खरं नाव कुणाला तरी सांगावं लागेल. हॅग सोडणारा गावातला गिरणीवाला. पार्टीने त्याची वाहून गेलेली गिरणी बांधून द्यायचं दुसऱ्या सेशनमध्ये कबूल केलं होतं आणि पुढे ते राहूनच गेलं.