रेडा

गेवराईकडच्या एका ऑर्केस्ट्रात एक बेस गिटार आहे. तिला गिटार कुणी म्हणत नाही, नाव पडलंय रेडा. रंग काळा, अंगाने आडमाप, आवाज पोटातला. वेद बोलणारा पैठणचा रेडा गोदावरीच्या पलीकडचा. हा अलीकडचा फार बोलत नाही, पण बोलला की मांडवाच्या बल्ल्यांना कळतं. जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ४१ कंपनं. मोबाइलच्या स्पीकरला ती झेपत नाहीत, त्यामुळे कार्यक्रमाचे व्हिडिओ पाहणारे विचारतात, हा माणूस मागे नुसता उभा का असतो?

रेडा कुरिअरने आला, दहा हजारांच्या आत. तारा नेकपासून इतक्या उंच की दाबता दाबता बोटांना फोड यावेत. खुंट्या ढिल्या. बेसवाल्याचं दिवसा मोबाइल दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे वस्तू परत पाठवणं त्याच्या स्वभावात नाही. पहिली सुधारणा मात्र दुकानात नाही, नंबरप्लेटी करणाऱ्या रेडियमवाल्याकडे झाली. डोक्यावरचं मूळ नाव खरवडून तिथे ‘फेंडर’ चिकटलं. आवाजात काडीचा फरक पडला नाही, पण सुपारीचा भाव वाढला, असं तो अजून छातीवर हात ठेवून सांगतो.

ज्याचं नाव चिकटवलं तो लिओ फेंडर कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावचा, मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. प्रिसिजन बेस त्याने १९५१ मध्ये आणला. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. तेव्हा मोबाइलवाल्याने रेड्याचं पोट उघडलं, यात घराण्याची मर्यादा काही मोडली नाही.

पोट उघडायला कारणही होतं. गाणं सुरू व्हायच्या आधीच रेडा घुमायचा, घूंऽऽ. आडगावच्या मांडवात वीज येते, अर्थिंग येईलच असं नाही. मग आत तांब्याची चिकटपट्टी लागली, ब्रिजला जाणारी अर्थची वायर नीट जोडली गेली, खरखरणारे पॉट बदलले. शंभर-दोनशेचा माल आणि एक दुपार. घूं बरीच बसली. फेंडरच्या प्रिसिजनमध्ये १९५७ पासून पिकअपचे, म्हणजे तारेचं कंपन पकडणाऱ्या भागाचे, दोन तुकडे असतात, एकमेकांच्या उलट, म्हणजे दोन्हींतली घूं एकमेकींना मारते. रेड्याचा पिकअपही त्याच नकलेचा निघाला, हे त्याचं नशीब.

खरा त्रास उन्हाळ्यात. ऊसतोडीवर गेलेली माणसं मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात. मग लग्नं, जत्रा, भीमजयंती. ऑर्केस्ट्राचा हंगाम म्हणजे नेमका बीडच्या चाळीस-बेचाळीस अंशांचा हंगाम. कोरड्या हवेत नेकचं लाकूड आकसतं, पण फ्रेटचा, म्हणजे नेकवरच्या आडव्या पट्ट्यांचा, धातू तेवढा आकसत नाही. कडेने टोकं बाहेर येतात आणि तळहात ओरबाडतात. पावसाळ्यात उलटा खेळ, नेक ओलावा पिते आणि वाकते. आत ट्रस रॉड असतो, एल-की घालून पाव फेरा दिला की ती सावरते. बेसवाला ही चावी किल्ल्यांच्या जुडग्यातच ठेवतो. फ्रेटची टोकं त्याने बारीक कानशीने घासली, तारा जिथून नेकवर येतात त्या नटच्या खाचा खोल केल्या, ब्रिज खाली घेतला. रेडा खऱ्या अर्थाने वाजायला लागला तो त्या दिवशी. रेडियमने नाही, पिकअपनेही नाही.

वाद्य असं जमवून घेणं आपल्याकडे नवं नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिथला उत्तम तंबोरासुद्धा जवारी काढल्याशिवाय, म्हणजे घोडीचा माथा नीट घासल्याशिवाय, बोलत नाही. आणि ती एकदा काढून भागत नाही, झिजली की पुन्हा कारागिराकडे जावं लागतं. वाद्य विकत घेणं आणि वाद्य लावून घेणं हे दोन वेगळे खर्च आहेत, हे गवयांना ठाऊक असतं. गिटारवाले दुसरा खर्च विसरतात आणि महागडा पिकअप मागवतात. मागोमाग नवा ब्रिज, नव्या खुंट्या. बेरीज केली की त्यात फेंडरच्याच स्वस्त ब्रँडचा जुना, चांगला स्क्वायर आला असता. हे सगळं लावलेला रेडा विकायला काढला तर गिऱ्हाईक दाम रेड्याचाच देणार.

मोडतोडीचे भक्त बेसवादक जॅको पास्टोरियसचं नाव घेतात. त्याच्या जॅझ बेसचे फ्रेट काढलेले होते, त्यांच्या खाचा बुजवलेल्या आणि वर होड्यांना लावतात ते इपॉक्सी चढवलेलं. खरं आहे. पण तो बेस मुळात फेंडरचाच होता, हे सांगायचं राहून जातं.

एकदा पुण्याहून आलेल्या एका वादकाने आपला अस्सल फेंडर बेसवाल्याच्या हाती दिला. दीड लाखावरची वस्तू. समोरच्या गर्दीला फरक कळला नाही. बेसवाल्याला कळला, पण आवाजात नव्हे. सबंध कार्यक्रमात सूर एकदाही लावावा लागला नाही आणि शेवटच्या गाण्यापर्यंत मनगट दुखलं नाही. मला विचाराल तर अस्सल मालाची किंमत असते ती याच दोन गोष्टींची. बाकी लाकडाच्या थोरवीवर फार जाऊ नये. शिसवाच्या व्यापारावर २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय निर्बंध आल्यावर परदेशी कंपन्यांनी पर्याय शोधले. स्क्वायरच्या अनेक नेकवर ज्या लाकडाची पट्टी असते, ते लॉरेल म्हणजे आपल्या सह्याद्रीतला ऐन.

तेव्हा हाती स्वस्त बेस असेल तर आधी तो डोळ्यासमोर आडवा धरा, एक डोळा मिटा आणि नेकवरून नजर टाका. नुसती वाकलेली असेल तर एल-की पुरेल; मग नट, फ्रेट, नव्या तारा आणि अर्थिंग एवढ्यावर खर्च करा आणि थांबा. नेक पिळलेली असेल तर एक रुपयाही घालू नका, तो पैसा स्क्वायरसाठी बाजूला ठेवा. रेड्याची नेक सरळ आहे.