चेन्नईची दैनंदिनी : महाराज काळिकांबाळला आले होते का?

शनिवार, वेस्ट मांबलम

अयोध्या मंडपमपासून चार पावलांवर यजमानांचं घर. कुटुंब तंजावुरी मराठी. व्यंकोजीराजांनी तंजावर घेतल्यानंतर पूर्वज इकडे आले, घरात अजून मराठीच चालते. जेवताना काकांनी सांगितलं, ''काळिकांबाळच्या देवळात जाऊन या. शिवाजी महाराज वेश पालटून तिथं दर्शनाला आले होते.'' तारीख त्यांना तोंडपाठ : 3 ऑक्टोबर 1677.

रविवार, जॉर्ज टाउन

मांबलमहून बीचची लोकल धरली. तंबू चेट्टी स्ट्रीटवर देऊळ, आत कुंकुमार्चनाची रांग आणि महाराजांचं चित्र. मनोभावे हात जोडले. पण वेश पालटून आलेल्या माणसाची नोंद करणार कोण? म्हणूनच ही कथा खोडताही येत नाही आणि सिद्धही होत नाही.

सोमवार, एग्मोर

दिवसभर ईस्ट इंडिया कंपनीच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचं 1672 ते 1678 चं छापील दफ्तर वाचलं. 14 मे 1677 : महाराजांनी विषावरचे उतारे मागवलेत, किंमत द्यायची तयारी दाखवलीय. कौन्सिल ठरवतं, पैसे घ्यायचे नाहीत. अशा बलाढ्य राजाची मैत्री कंपनीला मोलाची. वर बागेतली फळंही पाठवतात.

पुढं 3 ऑक्टोबर. तीच तारीख! महाराजांची माणसं पत्र घेऊन आलीत, इंजिनियर हवे आहेत. मोगल आणि गोवळकोंडा दुखावतील या धास्तीनं इंग्रज गोड शब्दांत नकार देतात. दर्शनाचा उल्लेख कुठंही नाही. त्या सुमारास मद्रासेत आलं ते महाराजांचं पत्र, एवढंच कागद सांगतो. कथेला तारीख इथूनच मिळाली असावी, असं मला वाटतं.

कथा कागदाला मागं टाकते, तसं अमेरिकेत पॉल रिव्हियरच्या बाबतीतही झालं. 1775 मध्ये एका रात्री इंग्रज फौजेची खबर द्यायला आणखीही स्वार दौडले होते आणि रिव्हियर तर काँकर्ड गाठण्याआधीच पकडला गेला. लाँगफेलोच्या कवितेनं मात्र सारं श्रेय त्या एकट्याला दिलं.

काळिकांबाळची श्रद्धा श्रद्धा म्हणून जपावी, इतिहास म्हणून मुलांना शिकवू नये. ज्यांच्या मैत्रीसाठी कंपनीसारखा हिशेबी व्यापारी पैसे सोडतो, त्या महाराजांचं मोठेपण अस्सल कागदातच ठसठशीत दिसतं.

उद्या वेल्लोर. इंजिनियर मिळाले नाहीत, तरी तिथला मराठ्यांचा वेढा उठला नाही. 1678 मध्ये तो किल्ला मराठ्यांनी घेतलाच.