माळवदाखालचा गारवा
टस्कनीतल्या जुन्या दगडी घराचं एका रात्रीचं भाडं बघून दचकलात? मग माझा वीकेंड ऐका: नांदेड जिल्ह्यातलं हदगाव! मित्राच्या आजोळचं, नुकतंच डागडुजी केलेलं माळवदाचं घर. हातभर जाड भिंती, सागाचे खांब. बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणतंय आणि आत एसी विसरायला लावणारा गारवा.

पण अशीच दगड-मातीची घरं 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीत झोपलेल्या माणसांवर कोसळली. गळू नये म्हणून वर्षानुवर्षं माती चढवत गेलं, की माळवद जड होत जातं. मित्रानं आधी ती जादा माती उतरवली, खांब-तुळयांना तिरके लाकडी आधार ठोकले; रंगरंगोटी नंतर. नुसता गेरू फासून ‘हेरिटेज’ म्हणवणाऱ्यांनी हे बघावंच.

तरी रात्री आजी म्हणालीच, ‘‘बाळा, बाज अंगणातच टाक. वारं बी लागतंय.’’