भिंतीतली तार: एकेरी की पिळाची?



घराला रंग काढायचा म्हटलं की किती मतं निघतात हे तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडे यंदा रंगाच्या छटेवरून कुणी बोललं नाही, वाद झाला तो तारेवरून. मामंजींचे जुने दोन स्पीकर आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या खोलीत बसवायचे होते. अॅम्प्लिफायर हॉलच्या कपाटातच राहणार. आईंना आता कमी ऐकू येतं. टीव्हीचा आवाज वाढवला की शब्द मोठे होतात, पण स्पष्ट होत नाहीत, ही त्यांची तक्रार. सकाळचं प्रवचन आणि दिवेलागणीआधी जेवणं उरकल्यावर मामंजींच्या आवडीची गाणी, एवढंच त्यांचं मागणं.

कपाटापासून खोलीपर्यंत भिंतीतून नऊ मीटर अंतर. झिरी मारून, पाइप घालून वर गिलावा केला की पुढं कित्येक वर्षं ती तार कुणी बघणार नाही. भावजी म्हणाले, "वहिनी, एकेरी भरीव तार घ्या, आवाज स्वच्छ येतो." वायरमनदादा म्हणाले, "ताई, हल्ली सगळे मऊ वायरच टाकतात." दोघांचं आपापल्या जागी खरं, असं अनेकांताने म्हणता येईल, पण वायरमनला एकच उत्तर हवं असतं.

दुकानातल्या जुन्या भाषेत १/१८ म्हणजे १८ गेजची एकच तार आणि ४०/७६ म्हणजे ०.००७६ इंच जाडीच्या चाळीस तारांचा पीळ. मी हिशेबाच्या वहीतच गुणाकार करून पाहिला. दोन्हींत तांबं सारखंच निघालं, सुमारे १.१७ चौरस मिलिमीटर! तारेचा अडथळा तांबं किती आणि लांबी किती यावर ठरतो. नऊ मीटर जायचे, नऊ यायचे, अशा अठरा मीटरांना तो पाव ओहमच्या थोडा वर येतो. स्पीकर ८ ओहमचे. त्याच्या पाच टक्क्यांपर्यंत, म्हणजे ०.४ ओहमपर्यंत चालतं असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. दोन्ही तारा त्यात बसतात. अंतर दुप्पट असतं तर जाड तार घ्यावीच लागली असती, मग ती एकेरी असो की पिळाची.

भावजींचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. वरच्या स्वरांचा प्रवाह तारेच्या कडेकडे सरकतो हे खरं. पण २० हजार हर्ट्झलाही तो तांब्यात साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पोचतो आणि आपल्या तारेचा मध्य जेमतेम ०.६ मिलिमीटरवर. पिळातल्या उघड्या तारा एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्यामुळे प्रवाहाच्या लेखी ती एकच तार. प्रत्येक तारेवर वेगळं इनॅमल असेल तरच गोष्ट बदलते. आणि २० हजार हर्ट्झ आईंनाच काय, मलाही ऐकू येत नाही.

खरा फरक कानाला नाही, हाताला कळतो. एकेरी तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते. भिंतीत तिला कुणी हलवत नाही, तिथे ती उत्तम. पण कपाटामागे दर आठवड्याला झाडताना ओढ बसते, तिथे मऊच हवी. मऊ तारेचा दोष वेगळा. तिचा एखादा केसासारखा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकला की शॉर्ट, आणि अॅम्प्लिफायर जळू शकतो. टोकं नीट पिळून त्यांना लग दाबून घ्या. डाग देऊन स्क्रूखाली मात्र धरू नका, कथील हळूहळू दबतं आणि पकड सैल होते.

आमच्या पाइपाला तीन वळणं होती. भरीव तार त्यातून ओढताना अडते, म्हणून मऊच घेतली. आता चौरस मिलिमीटरात मागायची असते, मी १.५ ची घेतली. तिचा अडथळा या अंतराला पाव ओहमच्या आत राहतो.

राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. एका दुकानात "स्पेशल स्पीकर वायर" म्हणून जी दाखवली, ती हातात हलकी लागली. टोक नखाने खरवडलं तर वर तांबूस आणि आत पांढरं! अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तिचा अडथळा त्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपटीहून जास्त. एकेरी की पिळाची यावर दोन दिवस बोलणाऱ्या आपण हे विचारतच नाही. तर आधी हे बघा.

मेन लाइनच्या पाइपात स्पीकरची तार घालू देऊ नका, वेगळा पाइप हवा. दोन्ही टोकांना लाल-काळं जुळलंय का हे बघायला १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावा. सेलचं अधिक टोक लालला लावलं की पडदा बाहेर यायला हवा. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर तबल्याचा डग्गा पोकळ ऐकू येतो. आणि गिलाव्याआधी पाइपात एक मजबूत सुतळी मोकळी सोडायला सांगा, म्हणजे उद्या दुसरी तार ओढायची झाली तर भिंत फोडावी लागणार नाही.