मुक्काम बदलतो तेव्हा

सालेकसा,
माघ वद्य द्वितीया

चिरंजीव बाळास अनेक उत्तम आशीर्वाद विशेष.

तुझे पत्र पोहोचले. ज्या शाळेत शिकवण्यासाठी तुला समुद्रापार धाडले, ती तू रुजू होण्यापूर्वीच बंद पडली. जी भाषा येथून शिकून गेलास, ती त्या खेड्यांत कुणी बोलत नाही. आणि आता दवाखान्याच्या कोठीवर औषधांचा हिशेब राखण्यासाठी तुझी नेमणूक झाली, हा मजकूर वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसून राहिलो. ज्या कामासाठी बोलावणे आले ते कामच उरले नाही, असे तू लिहितोस. त्या एका वाक्याचे उत्तर द्यावे म्हणून हे पत्र.

परवाच माघी पौर्णिमेला कचारगडची यात्रा झाली. छत्तीसगड, मध्यप्रदेश, तेलंगण अशा दूरदूरच्या मुलखांतून आलेले गोंड बांधव दरेकशाच्या डोंगरातील त्या विशाल गुहेकडे चढत होते, आणि गुहेत कोंडलेल्या पूर्वजांना मुक्त करणाऱ्या पारी कुपार लिंगोचे स्मरण करीत होते. ते पाहताना मला तुझ्यासारखाच परमुलखात सेवेला आलेला एक मनुष्य आठवला.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडचा तरुण धर्मोपदेशक 1845 साली नागपुरास आला, तेव्हा तेथे भोसल्यांचा अंमल होता. शाळा काढावी, उपदेश करावा, एवढाच त्याचा संकल्प. परंतु 1853 साली तिसरे रघूजी निपुत्रिक निवर्तले, दुसऱ्याच वर्षी संस्थान खालसा झाले, आणि ज्या राज्यात तो आला होता ते राज्यच त्याच्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले. त्यानंतर वर्षभरात त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर प्रकृतीमुळे मायदेशी परतला. अशा फेरफारांत हिस्लॉपने काम सोडले नाही, परंतु कामाची व्याप्ती मात्र वाटेत जे भेटेल त्याला सामावून घेईल इतकी विस्तारली. उपदेशासाठी पायाखाली घातलेल्या भूमीतले अश्मीभूत अवशेष हंटर परतण्यापूर्वीच त्या दोघांनी अभ्यासिले, आणि नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा त्यांचा लेख लंडनच्या विद्वत्सभेपुढे गेला; गोंडांच्या वस्त्यांत सांगण्यासाठी गेलेला तो ऐकण्यासाठी थांबला, आणि परधानाच्या, म्हणजे गोंडांच्या भाटाच्या, मुखातून लिंगोचे दीर्घ गीत त्याने गोंडी शब्दांनिशी उतरवून घेतले.

1863 च्या सप्टेंबरात, टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना, पावसाने अकस्मात फुगलेल्या ओढ्यात तो बुडाला. वय शेहेचाळीसही पुरते नव्हते. त्याची टिपणे अपुरीच राहिली. ती रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये प्रसिद्ध केली. त्या गीतात काचीकोपा लोहागड हे स्थळनाम येते, आणि ते स्थळ म्हणजेच आपले कचारगड, अशी येथील गोंडांची श्रद्धा आहे.

बाळ, गीत हिस्लॉपने वाचवले असे मी म्हणणार नाही; ते गोंडांनी आपल्या कंठांतच जतन केले होते, आणि परवाही डोंगर चढणाऱ्यांना हिस्लॉपचे नावसुद्धा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मला सांगावयाचे ते इतकेच, की द्यावयास म्हणून जाणाऱ्यास आधी घ्यावयास शिकावे लागते, आणि हे शिक्षण आपला बेत यथासांग पार पडला तर बहुधा मिळतच नाही. बोलावणे माणसांकडचे होते. शाळा हे त्यांच्याकडे जाण्याचे एक दार होते. ते दार लागले म्हणून माणसे नाहीशी झाली नाहीत. कोठीच्या खिडकीशी ती रोज येतात, आणि फळ्यापुढे उभा असतास तर त्यांतली आजारी म्हातारी, अंगावर मूल घेतलेली आई, तुला भेटलीही नसती.

तुझे दुःख खोटे नव्हे. हातचे काम गेल्याचा शोक करण्यास तुला पुरा हक्क आहे. तो कर, परंतु खिडकी उघडी ठेवून कर. शिकून नेलेली भाषा निरुपयोगी ठरली असेल, तर औषध घ्यावयास येणाऱ्यांकडून त्यांची भाषा एकेक शब्दाने माग. मागणाऱ्याशी माणसे जितकी मोकळी होतात, तितकी शिकवणाऱ्याशी सहसा होत नाहीत.

प्रभू तुला बळ देवो. मामीचे आशीर्वाद. पुढच्या पत्रात बाकी काही न लिहिलेस तरी चालेल. तिकडे तापाला काय म्हणतात, तेवढे मात्र अवश्य कळव.

तुझा,
मामा